उणे ऐंशीतली कुपी

मुरार, ग्वाल्हेर
१२ जानेवारी २०२५

अपूर्व सर,

गजकाच्या डब्यात चिठ्ठी कशी, म्हणून दचकू नका. डबा काकूंनी भरला आहे, तिळाचं गजक नई सडकवरच्या तुमच्या नेहमीच्या दुकानातलं आहे आणि चिठ्ठी मी घातली आहे, तीही काकूंना विचारून. सरांना कामाचं लिहायचंय म्हटलं, तर म्हणाल्या, "घाल ना बेटा, त्यात विचारायचं काय? माझं तर तो ऐकत नाही, तुझं तरी वाचेल."

तुम्ही माझ्या मेल उघडत नाही. फोन उचलत नाही. मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सगळं शांत. म्हणजे तुम्ही वाचता हे मला कळतं, आणि मला कळतं हे तुम्हालाही कळतं. पण आईच्या हातचा डबा न उघडणारा माणूस अजून दर्पण कॉलनीत जन्माला यायचाय. म्हणून ही वाट धरली. शिवाय इंग्रजीत लिहायला बसले की मी फार सभ्य होते. "केवळ आठवण करून देण्यासाठी" असलं काहीतरी लिहून मोकळी होते. राग मला मराठीतच नीट येतो.

डबा भरता भरता काकूंनी विचारलं, तुम्ही दोघं त्या लॅबमध्ये नेमकं करत काय होतात? पाच वर्षांत हे विचारणारी घरातली पहिली व्यक्ती. माझे बाबा अजून लोकांना सांगतात, मुलगी कोरोनाच्या तपासणीत आहे. मी काकूंना म्हटलं, हा कोंबड्यांना सर्दी आणणारा कोरोना, माणसांच्या त्या कोरोनाचा लांबचा भाऊबंद, माणसाला काही करत नाही. त्याचा सगळा कारभार एका लांबलचक पट्टीवर लिहिलेला असतो. पट्टीचा सुरुवातीचा भाग पेशीत सरळ वाचला जातो. शेवटाकडची जनुकं मात्र तशी वाचता येत नाहीत. त्यांच्यासाठी तो छोट्या छोट्या चिठ्ठ्या काढतो. नक्कल करणारं यंत्र शेपटीकडून निघतं, वाटेत ठरावीक खुणा लागतात, आणि दर खुणेशी दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर सरळ पुढे जायचं, नाहीतर तिथून उडी मारून थेट पट्टीच्या तोंडाशी जायचं आणि तिथला मायना आणून जोडायचा. म्हणून चिठ्ठ्या लहानमोठ्या निघाल्या तरी मायना सगळ्यांचा एक आणि शेवटही एक. कुठल्या खुणेशी किती वेळा उडी पडते, त्यावर कुठलं प्रथिन किती बनणार हे ठरतं. जनुकांवरचा त्याचा सगळा ताबा तो असा उड्या मारून ठेवतो.

"म्हणजे लग्नाच्या पत्रिकांसारखं," काकू म्हणाल्या. "वर गणपती तोच, खाली नावं वेगळी."

मी म्हटलं, अगदी तसंच. पुस्तकात या विषाणूच्या सहा चिठ्ठ्या दिल्या आहेत. सरांनी सातवी शोधली. काकूंचा चेहरा असा काही खुलला की पुढचं बोलणं मी गिळून टाकलं.

पुढचं असं होतं की सातवी मला दिसत नाहीये.

सर, नव्या नोकरीवर जाताना तुम्ही म्हणाला होतात, काळजी करू नकोस, कागदावर तुझा गाइड मीच राहीन. कागदावर राहिलात, खरं आहे. पण माझा अख्खा प्रबंध "सातव्या चिठ्ठीचं नियमन" या नावावर उभा आहे, आणि तीच गायब आहे. जूनमध्ये सेमिनार आहे. काय मांडू? मला एकच परवानगी हवी आहे, उणे ऐंशीच्या फ्रीजरमधली मूळ विषाणूची कुपी उघडण्याची. "मूळ. अपूर्वच्या परवानगीशिवाय उघडू नये," हे तुम्हीच तिच्यावर लिहून ठेवलंय. हो किंवा नाही, एवढंच कळवा.

गरिमा


९ फेब्रुवारी

सर,

डबा पोचला. पोचला म्हणजे परत आला.

तुमच्याकडचे कुणी आग्र्याला लग्नाला आले होते, त्यांनी ग्वाल्हेरला उतरून तो काकूंना दिला. रिकामा डबा परत द्यायचा नाही म्हणून तुम्ही आत साखर घातली होतीत. काकू इतक्या खूश! "बघ, रीत नाही विसरला माझा अपूर्व!" मी साखरेत चमचा फिरवून पाहिला. हसू नका, खरंच पाहिला. खाली कागद असेल असं वाटलं होतं. साखरच होती, तळापर्यंत.

म्हणजे रीत पाळायची तुम्हाला आठवण असते. मला उत्तर द्यायची कुठलीच रीत नाही का?

बरं, हो-नाही म्हणणं जड जात असेल तर निदान काय झालंय ते वाचा. दिवाळीनंतर मुरारच्या पोल्ट्रीवाल्याने हात आखडता घेतला. लॅबसाठी तो जी उबवणीची अंडी देतो ती मोजकीच यायला लागली. अंडी कमी म्हणजे त्यांत वाढवलेला विषाणूही कमी, आहे त्यात भागवायचं म्हणून मी प्रत्येक अंड्यात विषाणू नेहमीसारखा जसाच्या तसा न टोचता हजारपट पातळ करून टोचला. विषाणू वाढला, मस्त वाढला. आरएनए काढला, जेलवर घातला, चिठ्ठ्या लांबीप्रमाणे वेगळ्या झाल्या. सहाही चिठ्ठ्यांचे बँड आपापल्या जागी हजर. सातव्याच्या जागी काचेसारखं स्वच्छ.

मी म्हटलं, माझा हात बिघडला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग जुन्या पद्धतीने न पातळ करता टोचलं, तर सातवा बँड असा जाडजूड उमटला, जणू कधी गेलाच नव्हता. मी सीमंतिनी मॅडमना दाखवायला गेले. तुम्ही गेल्यापासून आमच्यासारख्या उरल्यासुरल्यांना विभागात त्याच सांभाळतात. मॅडमनी जेलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "अपूर्वला विचार. कल्चर उसका है." त्यांना या पंगतीत बसायचं नाहीये, आणि मी त्यांना दोष देत नाही.

सर, ही काही बारीकसारीक गोष्ट नाही. सातवी चिठ्ठी विषाणू स्वतः काढत असेल, तर सुरुवातीला तो एक गेला काय आणि लाख गेले काय, जिथे तो वाढेल तिथे ती निघालीच पाहिजे. उशिरा निघेल, फिकट निघेल, पण निघेल. पातळ केल्याबरोबर नाहीशी होणारी चिठ्ठी मला समजत नाही.

समजत नाही असं लिहिलं. खरं म्हणजे समजायला लागलंय, आणि ते लिहायला हात धजत नाहीये. तुम्ही मूळ कुपी उघडू द्या, म्हणजे मी चुकीची ठरेन.

या वेळी डब्यात शंकरपाळे आहेत. मी लाटायला मदत केली. वाकडे आहेत ते माझे.

गरिमा


१६ मार्च

सर,

आता तरी ऐका. नाही ऐकलंत तरी मी लिहिणार आहे. होळीची पुरणपोळी खायला काकूंनी बोलावलं होतं, तिथून येऊन लिहिते आहे.

काकूंनी चहा दिला तो कान तुटलेल्या कपातून. मागच्या कपाटात, काचेच्या दाराआड, तुमच्या पणजोबांना दरबारातून मिळालेला तो सोनेरी काठांचा सेट उभा होता. मी म्हटलं, काकू, हे कप तुम्ही कधी काढलेत का? म्हणाल्या, "छे गं! ते खास आहेत. फुटले म्हणजे?" अपूर्वच्या लग्नात काढले असतील ना, म्हटलं. तेव्हापण नाही काढले. सुनेच्या माहेरचे लोक फार होते म्हणे.

मी तो तुटका कप हातात धरून बसले आणि मला तुमची कुपी दिसायला लागली.

सर, तुमच्या घरात चांगली वस्तू वापरायची नसते, जपायची असते. लॅबही तुम्ही तशीच चालवलीत. तुमच्या गुरूंनी, महिपतराव सरांनी दिलेली मूळ कुपी कधी फोडायची नाही. मागच्या खेपेच्या अंड्यातलं थोडं काढून पुढच्या खेपेला लावायचं, त्यातलं थोडं त्याच्या पुढच्या. "आपलं विरजण," म्हणायचात तुम्ही. नव्या मुलांना अभिमानाने सांगायचात, या लॅबमध्ये विरजण विकत येत नाही. आम्हाला किती आवडायचं ते! पातळ करायचं नाही, कारण घट्ट लावलं की लवकर लागतं. दह्याच्या बाबतीत ते खरं असेलही.

तुम्हाला हे सगळं माहीत आहे. तरी लिहिते, कारण तुम्ही गप्प आहात आणि कुणीतरी बोलायला पाहिजे. नक्कल करणारं यंत्र कधी कधी भलत्याच जागी घसरतं. खूण नसते तिथून उडी मारतं आणि मधला मोठा तुकडाच गाळतं. मग एक अपंग पट्टी तयार होते, तोंड आहे, शेपटी आहे आणि मधे काहीच नाही. तिला स्वतःचं काही करता येत नाही. पण शेजारी धडधाकट विषाणू असला की त्याच्या जिवावर ती आपली नक्कल करून घेते, त्याच्याच कवचात बसते आणि पुढच्या अंड्यात जाते. आखूड असल्यामुळे तिची नक्कलही झटपट होते. फुकटा पाहुणा आधी पंगतीला बसतो, तशी. घट्ट विरजण लावत राहिलं की दर खेपेला या फुकट्यांची गर्दी वाढत जाते. पातळ केलं की फुकटा एका पेशीत आणि धडधाकट दुसऱ्या पेशीत पडतो, आणि फुकट्याचा कारभार आटोपतो.

आपल्या सातवीचा मायना बाकी सहांपेक्षा लांब निघाला होता. जोडाशी नेहमीची खूणही नव्हती. सातवीवरच्या पेपरात आपण त्याला उडीची नवी तऱ्हा म्हटलं. ते वाक्य तुम्ही लिहिलंत आणि मी टाळ्या वाजवल्या. तेव्हा माझं नाव पहिल्यांदा छापून येणार होतं, दुसऱ्या क्रमांकावर. बाबांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

मला अजूनही वाटतं, मी चुकत असेन. पण ते कळायला एकच मार्ग आहे. जो विषाणू कधी विरजणाच्या रांगेत बसलाच नाही, तो बघायचा. कुपी उघडायची. तिच्यातून सातवी निघाली तर मी तुमच्या पाया पडून माफी मागेन, या डब्यातूनच. नाही निघाली, तर आपण दोघं मिळून काय ते ठरवू. "आपण दोघं" असं मी अजून लिहिते आहे, याकडे लक्ष द्या.

एक कुपी उघडायला आणखी किती नाकदुऱ्या काढायच्या?

गरिमा


२० एप्रिल

सर,

मी परवानगीशिवाय फ्रीजर उघडला. मला उघडावाच लागला.

बुधवारी दुपारी वीज गेली. ऊन असं की डांबर चपलांना चिकटत होतं. नेहमीप्रमाणे जनरेटर दोनदा खोकला आणि बसला. फ्रीजरचा आकडा चढायला लागला. सीमंतिनी मॅडमच्या इमारतीतला फ्रीजर चालू होता, म्हणून आम्ही सगळे थर्माकोलच्या पेट्यांत कोरडा बर्फ भरून खोके हलवत होतो. तुमचं खोकं मी कुणाला हात लावू दिलं नाही. म्हटलं, सरांची कुपी आहे, मीच नेते. बघा माझी निष्ठा.

खोकं उचललं आणि आत काहीतरी किणकिणलं.

कुपी फुटली असं वाटलं. झाकण काढलं. कुपी फुटलेली नव्हती, कापलेली होती. मान व्यवस्थित खरवडून तोडलेली, आत कोरडी, टिश्यूत गुंडाळून जागच्या जागी ठेवलेली. आणि तिच्या मागच्या रांगेत छोट्या नळ्या. तुमचं अक्षर मी कुठेही ओळखेन. "मूळ, पहिली पिढी, पातळ लावलेला." खाली तारीख, ऑगस्ट २०२३.

म्हणजे पातळ करायचं असतं हे तुम्हाला माहीत होतं. विरजण चालत नाही हे माहीत होतं. कपाटातले सोनेरी कप तुम्ही काढलेत, त्यात एकट्याने चहा प्यालात, विसळून परत ठेवलेत आणि वर पाटी तशीच राहू दिलीत, हात लावू नये.

मी खोकं कुशीत धरून जिन्यात बसले. मॅडमचा विद्यार्थी वरून ओरडत होता, "दीदी, जल्दी, बर्फ उड़ रही है!"

पेपर जून २०२३ मध्ये आला. कुपी तुम्ही ऑगस्टमध्ये उघडलीत. माझ्या प्रबंधाचा विषय तुम्ही मला दिलात ऑक्टोबरमध्ये. मी त्या दिवशी विचारलं होतं, सर, सगळंच सातवीवर ठेवायचं का, एखादं प्रकरण दुसऱ्या कशावर घेऊ का? तुम्ही म्हणालात, "नाही, याच्यावरच कर. हेच तुझं नाव करेल." डिसेंबरमध्ये तुम्ही गेलात.

मी तुमच्यावर रागावलेय असं पहिल्या चिठ्ठीत लिहिलं होतं. तो राग नव्हता. ती कुरकुर होती. राग हा आहे. अक्षर बिघडतंय, पण मी पुन्हा लिहिणार नाही. असंच वाचा.

काकूंना आज सहज विचारलं, दोन हजार तेवीसच्या पावसाळ्यात सर कसे होते? त्या म्हणाल्या, "तेव्हा ना, जेवतच नव्हता धड. मी म्हटलं डॉक्टरला दाखवून घे, तर चिडला. मग नोकरी बदलायचं खूळ डोक्यात घेतलं. का गं?" मी म्हटलं, असंच.

त्या नळ्यांतली एक मी घेणार आहे. परवानगी मागत नाही. कळवते आहे.

गरिमा


४ मे

अपूर्व सर,

केलं. तीनदा केलं, तुम्ही शिकवलंत तसं. दर वेळी नवी अंडी, नवा आरएनए, नवा जेल. एकदा मॅडमच्या विद्यार्थ्याकडून करून घेतलं, त्याला न सांगता नळ्यांची नावं बदलून. तुमच्या नळीतला विषाणू पातळ करून टोचला तरी सातवी नाही आणि घट्ट टोचला तरी नाही. मग त्याच स्वच्छ विषाणूला मी मुद्दाम विरजणासारखं खेपेमागून खेप घट्ट लावत नेलं. काही खेपांनी सातवीच्या जवळपास एक फिकट रेघ आली. पुढच्या खेपेला ती जाड झाली. आपली सातवी कशी जन्मली, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आता एक गोष्ट सांगते, ती तुम्हाला नाही तर कुणाला सांगू? विभागात दुसऱ्या कुणाला ती कळायची नाही. स्वच्छ विषाणूच्या जेलवर सहाच्या सहा बँड असे दिसले, जसे मी पाच वर्षांत कधी बघितले नव्हते. आखूड चिठ्ठ्या भरघोस, लांब चिठ्ठ्या बेताच्या, आणि वेळ पुढे गेला की त्यांचं आपसातलं प्रमाण हळूच बदलतं. आपल्या विरजणात हे कधी दिसलंच नाही, कारण फुकटे यंत्राचा सगळा वेळ खात होते. खरं नियमन तिथेच होतं, सर. आपण त्याच्यावर सातवी पांघरून बसलो होतो.

मी तो जेल बघून आनंदाने ओरडले. आणि पहिला विचार आला, सरांना दाखवू. याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

सीमंतिनी मॅडमनी सगळे जेल टेबलावर मांडून घेतले. एकेक निरखून पाहिला. मग म्हणाल्या, "विषय बदलावा लागेल. एक साल और लगेगा. करशील?" मी हो म्हटलं. माझी फेलोशिप संपली आहे. मुरारमध्ये बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते, त्यात पेट्रोल सुटतं. घरी बाबा विचारतात, अजून एक वर्ष कशाला, पेपर तर छापून आला ना? त्यांना काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. पेढे वाटून झालेत.

पेपर मागे घ्यावा लागेल. हे मी तुम्हाला आधी सांगते आहे, तो छापणाऱ्या मासिकाला नंतर. एवढं तरी मी तुमचं देणं लागते.

गरिमा


१८ मे

अपूर्व सर,

कालच्या फोनबद्दल लिहिते आहे. फोनवर तुम्ही बोललात आणि मी बहुतेक ऐकलं. आता उलटं.

तुम्ही फोन काकूंना केलात, मी तिथे आहे हे कळल्यावर म्हणालात, तिला दे. काकूंचा केवढा आनंद! पदराला हात पुसून त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेल्या, गुरुशिष्यांना मोकळं बोलता यावं म्हणून. आत कढईत शेव पडत होती, आणि तुम्ही मला म्हणत होतात, "गरिमा, सुन. मी मना नाही करत आहे. फक्त थोडं रुक. जुलैमध्ये माझं नोकरीचं कन्फर्मेशन आहे. उसके बाद आपण मिळून करू, आरामात."

मी विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?

तुम्ही म्हणालात, "ऑगस्टमध्ये एकदाच केलं होतं. एकदा केलेल्यावर भरोसा कसा ठेवणार? तूच सांग."

सर, रात्रभर हे वाक्य माझ्या डोक्यात घोळतंय. तीनदा केल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, हे मला शिकवणारे तुम्ही. तुम्ही दुसऱ्यांदा केलं नाहीत, कारण दुसऱ्यांदा तेच आलं असतं तर विश्वास ठेवावा लागला असता. जे कळू नये असं वाटतं, ते एकदाच करून सोडून द्यायचं. इतकी सुबक पळवाट मला सुचली नसती.

आणि मला का दिलात तो विषय? हेही मी फोनवर विचारलं. तुम्ही म्हणालात, "मला वाटलं, कदाचित तुझ्या हाताने येईल."

मला वाटतं, हे तुम्ही खरं बोललात. त्यामुळे काही सोपं झालं नाही. माझ्या हाताला यश यावं म्हणून तुम्ही मला न सांगता रिकाम्या विहिरीत पोहरा सोडायला लावलात आणि स्वतः शहर सोडलंत. मी दीड वर्ष दोर ओढत होते आणि स्वतःच्या हातांना नावं ठेवत होते. त्या दीड वर्षात तुम्ही एक फोन केला असतात तर मी तुमच्यासोबत उभी राहिले असते. कुठेही. मी तशीच होते, तुम्हाला ठाऊक आहे.

जुलैपर्यंत मी थांबणार नाही. सूड म्हणून नाही. मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून मेल आली, एका मुलीची. आपला पेपर वाचून ती सातवी शोधते आहे, तिला सापडत नाहीये, आणि तिने फार अदबीने विचारलंय, तुमचा हात कसा बसला ते सांगाल का? तिला वाटतंय, तिचंच काही चुकतंय. मी त्या मेलला उत्तर दिलं आहे, त्याच दिवशी.

काकूंना मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. काल फोन ठेवल्यावर त्यांनी शेवेची बशी पुढे केली आणि विचारलं, "झालं ना गं बोलणं? सुटलं ना तुमचं काम?" मी म्हटलं, हो काकू, सुटलं. त्यांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा. या चिठ्ठ्या त्यांच्या डब्यातून आल्या, त्यांनी एकही उलगडून पाहिली नाही.

सोबत मासिकाला लिहिलेलं पत्र जोडलं आहे. सातवी चिठ्ठी विषाणूची नाही, आपल्या विरजणाची आहे, म्हणून पेपर मागे घ्यावा, असं त्यात साध्या शब्दांत आहे. तुम्हाला कधी कळलं, ते मी त्यात लिहिलेलं नाही. ते लिहायचं की नाही हे तुमच्यावर आहे. पत्र दोन प्रतींत आहे, एक सही करून परत पाठवा. दोन जूनला, सोमवारी, मी पाठवणार आहे.

पेपरवर तुमचं नाव पहिलं होतं आणि माझं दुसरं. म्हणून इथेही मी खाली सही केली आहे. वरची जागा मोकळी ठेवली आहे. दोन तारखेपर्यंत ती भरली नाही, तर पत्र तसंच जाईल.

गरिमा